गोलकीपरच्या घरचे लोक

प्रिय मार्कोदादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबांना माझं काही कौतुक आहे की नाही?" मी बर्फाच्या वादळाबद्दल बोलत बसले आणि तू रागावून फोन ठेवलास. आइस हॉकीतला रिवाज तू विसरलास का? गोलकीपर मॅचमागून मॅच एकही गोल खात नसला, की त्याबद्दल ब्र काढायचा नाही, नाहीतर दृष्ट लागते. म्हणून सगळं गाव मूग गिळून बसलंय.

रविवारी जेवताना स्तेपानकाका बोलून गेला, "पोरगा लीगचा विक्रम मोडणार बघा." बाबांनी त्याच्यापुढची पेरोगींची ताटली उचलली आणि त्याला त्या थंडीत अंगणात पिटाळलं. "बर्फावर तीनदा थुंकून ये, मग खा." काका निमूट गेला.

आज तुझी मॅच रेडिओवर ऐकली. शेवटच्या मिनिटाला त्यांचा कॅप्टन एकटाच तुझ्यावर चालून आला. तू पुढे सरकून पाय पसरलास, पकची ती रबरी चकती तुझ्या पॅडवर आदळली आणि भोंगा वाजला. विक्रम तुझा झाला. बाबा रेडिओवर हात ठेवून रडत होते, दादा.

"आता तरी त्याला फोन लावू?" मी विचारलं.

"गप," ते नाक पुसत म्हणाले. "शनिवारी पुन्हा मॅच आहे."

तेव्हा हे पत्रही पोस्टात पडायचं नाही.

शनिवारपर्यंत मुकी,
तुझी दार्या