नीळघरात येऊ नकोस

प्रिय सेन्सी,

अभिनंदन! सगळ्या गावाने म्हणून झालं, मग शाळेत पोरं शिकवताना इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीने का मागे राहावं? तू आता मौमेरे शहरातल्या ऑफिसात मोठी बाई झालीस, तरी आभाराची मिस्सा आमच्या गावच्या चर्चमध्येही हवी म्हणून निरोप धाडलास. केवढं मन गं तुझं! रविवारी फादरनी घोषणा केली तेव्हा मी आईशेजारीच बसले होते. परदेशी विद्यापीठात संशोधनाच्या पदवीला प्रवेश, तोही घरबसल्या, आणि विषय काय, तर सूत रंगवायच्या नीळघरातले बायकांचे नियम. आईने आनंदाने माझा हात दाबला. पुढच्या बाकांवरच्या बायका वळून माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, दोघींनी मिळून काहीतरी मिळवलंय. मीही हसले. दुसरं काय करणार?

तुला आठवत नसेल म्हणून सांगते, कारण हल्ली तुला सोयीचं तेवढंच आठवतं. पदवी मला हवी होती. नवरा योसेफ तिकडे मलेशियात, साबाला पामच्या मळ्यात, लेक एवढीशी, आईला डोळ्यांनी कमी दिसतं. गाव सोडून शिकायला जाणं या जन्मी शक्य नव्हतं. आणि नुसती घरबसल्या मिळणारी पदवीही मला नको होती. टिपणं पाठ करा, परीक्षा द्या, झालात पंडित, त्याचा मला कंटाळा आला होता. मला माझा एक प्रश्न धरून दोन वर्षं बसायचं होतं. मनात भांडण घेऊन बाई नीळघरात शिरली की रांजणातली नीळ मरते, सुताला रंग चढत नाही, असं आपण म्हणतो. या एका धाकाने गावातली किती भांडणं उंबऱ्याबाहेरच मिटतात? हा प्रश्न मी तुला शाळेच्या पायरीवर, मक्याचा भात खाताना सांगितला होता. तू म्हणालीस, युस्ती, तू वेडी आहेस, पण प्रश्न झकास आहे.

मला इथे सिग्नलसाठी चर्चमागची टेकडी चढावी लागते, तिथेही देवाची मर्जी असेल तर मिळतो. तुझ्या ऑफिसात नेट धोधो. म्हणून शोधायचं काम तुझ्यावर सोपवलं. दर भेटीत तुझं एकच, नाही गं बाई, दूरशिक्षणातलं सगळं परीक्षेचंच असतं, संशोधनाचं करायचं तर तिथे जाऊन राहावं लागतं, हट्ट सोड. वर मलाच समजवायचीस, तुझ्या नशिबात पोरंच शिकवणं आहे. मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि तुझी वणवण होते म्हणून वाळवलेले मासे बांधून दिले. मूर्ख ती मूर्ख!

घोषणेनंतर मी टेकडी चढले आणि स्वतः शोधलं. जड नव्हतं गं. तीच पदवी, प्रबंध तेवढा लिहायचा, मार्गदर्शक बाई महिन्यातून एकदा पडद्यावर भेटणार, जायचं कुठेच नाही. मी त्यांना लिहिलं. उत्तर फार गोड आलं. तुमचा प्रश्न सुंदर आहे, पण नेमका हाच प्रश्न घेऊन तुमच्याच बेटावरची एक उमेदवार आधी आली आहे, तुम्ही दुसरा विषय शोधा. माझा प्रश्न, माझ्याच शब्दांत, आणि मीच दुसरी! सेन्सी, तू केसाने गळा कापलास. तोंडाने मागितलं असतंस तर दोघी मिळून करू म्हटलं असतं मी. याचाच राग जास्त येतो.

आणि नीळघर? आईने तुला दारात पान-सुपारी दिली तो दिवस तरी आठव. वासाने तुझा जीव घुसमटला, लुंगीचं टोक नाकाला लावलंस, तर आई म्हणाली होती, शहरची पोर हाताने रंगवणार की नाकाने! तू हसत पान खाल्लंस आणि आत पाऊल टाकताना सगळ्याजणी म्हणतात ते म्हणालीस, माझ्या मनात कुणाविरुद्ध काही नाही. ज्या बाईने त्या दारात पान खाल्लं ती घरची लेक, तिला कधी परत पाठवायचं नाही. आई अजून तेच धरून बसलीये. मका निघाला की वर्षभर निरीक्षणाला येते, हा तुझा निरोप आल्यापासून तुझ्यासाठी चटई विणतेय. शेजारणींना सांगते, माझी दुसरी मुलगी शिकायला येणार.

पत्र का लिहिलं ते आता ऐक. त्या रविवारपासून मी नीळघरात गेलेले नाही. उंबऱ्यावर ते वाक्य म्हणायला तोंड उघडते आणि म्हणवत नाही. पाठ दुखते, वह्या तपासायच्यात, असं काहीबाही सांगून बाहेरच बसते. खरं सांगितलं तर आई मानेल की आपल्याच हातच्या पानाने घरात भांडण आलं, आणि आजीपासून जिवंत ठेवलेला रांजण उकिरड्यावर ओतेल. मी तिला ओळखते. तू आलीस तर ती आपल्या दोघींचे हात धरून आत नेईल, तेव्हा मला लपवता येणार नाही. म्हणून तू येऊ नकोस. नीळघराशिवाय तुझा प्रबंध होणार नाही, हे मला कळतं. न होवो. पण नाही येत हे आईला तूच कळव. बदली झाली म्हण, तब्येत बिघडली म्हण, काहीही सांग, फक्त तिला खरं वाटलं पाहिजे. मला खोटं नीट जमत नाही. तुला छान जमतं. माझ्या आईसाठी एवढं एकदा बोल.

त्या रविवारपर्यंत तुझीच असलेली,
युस्तिना