आईच्या बोटांमधला चिखल

रविवार, संध्याकाळ. एकोडी.

आईचे हात तीनदा धुतले, तरी बोटांच्या बेचक्यात चिखल राहिलाच. तो डोळ्यांसमोरून जात नाही.

खरूज झालीय तिला. दवाखान्यातलं मलम तसंच ठेवून ती आठवडाभर बोडीतला, गावच्या तळ्यातला, चिखल आणून लावते आहे, खाजवून फुटलेल्या कातडीवर. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तूच त सांगतलं होतं फोनवर, आपल्या बोडीच्या चिखलात खाजेची दवा हाये म्हून."

काय सांगितलं होतं मी? त्या चिखलातला एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला, तो जे रसायन सोडतो त्याने खरजेचे किडे मरतात. काचेच्या बशीत मरतात. माणसाच्या कातडीवर काय होईल, मलाही माहीत नाही. आनंदाच्या भरात एवढंच बोलायचं राहिलं का? की बोलले, आणि तिने ते ऐकलंच नाही?

मलम लावलं. घरातल्या सगळ्यांनाही लावायला लावलं, नाहीतर खरूज पुन्हा फिरून यायचीच. बोटांमध्ये लावताना परत तो चिखल.

"मंग तुही दवा कवा होईल?"

"वर्षं लागतील आई. झाली तर."

"अन् मी त साऱ्या मोहल्ल्याले सांगून बसली. माह्या पोरीची दवा हाये म्हून."

उद्या घरोघर जायचं आहे. माझं औषध अजून औषध नाही, हे सांगायला.