बुजवलेली छिद्रे आणि बेडकीचा वारस

रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या स्वतःच्या अंगणात, माझ्या स्वतःच्या गाडीत, माझ्या स्वतःच्या आसनावर बसले आणि कमरेखाली चिंब भिजले. पाय खाली टेकवले तर चपला पाण्यात बुडाल्या. त्या सकाळी माझ्यावर जो अन्याय उघडकीस आला, त्यातूनच हे मृत्युपत्र निघाले आहे. म्हणून यात अन्याय आधी आणि मृत्यू नंतर.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मुख्य सिस्टर शिकवत की तक्रार लिहिताना तारीख आधी, वेळ मग आणि विशेषणे अगदी शेवटी. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या आहेत. तिसरीचा शब्द देत नाही.

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रंगाच्या कारखान्यातून रंग-जुळवणी विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाहीत आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी तो जुमानला नसता. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात 'मानसिक स्थिती उत्तम, स्वभाव पूर्वीसारखाच' असे लिहिले आहे. दुसरा भाग मी मागितला नव्हता. माझे याआधीचे मृत्युपत्र, ज्यात गाडी चिरंजीवांना दिली होती, ते आजपासून रद्द.

कलम १. घर. राहते घर माझा एकुलता एक मुलगा आणि सूनबाई यांना समान हक्काने मिळावे. मात्र गॅरेजची व्यायामशाळा करायची नाही. चिरंजीवांना गॅरेजच्या भिंती टेपने मोजताना मी दोनदा पाहिले आहे. व्यायामच करायचा असेल तर तिथे जॅक आहे, चाके आहेत, ती वर-खाली करावीत.

कलम २. बँकेतल्या ठेवी. त्याही दोघांना निम्म्या-निम्म्या. याबाबत मला अधिक काही म्हणायचे नाही. ठेवींवर मी कधी रागावले नाही, त्याही माझ्यावर रागावल्या नाहीत.

कलम ३. मोठ्या रस्त्यावरचे गॅरेजवाले. यांना काय आणि का मिळते, हे समजायला गाडीची ओळख हवी. दोन माणसांची, कापडी टपाची, टप मागे दुमडला की वर नुसते आकाश, अशी ही जुनी स्पोर्ट्स गाडी मी निवृत्तीच्या वर्षी एका भंगारवाल्याच्या कुंपणाआडून उचलली. तेव्हा तिच्या बॉनेटवर कोंबडी बसत असे. रंग मी स्वतः दिला. कारखान्यात मी जुळवलेला एक हिरवा रंग साहेबांनी 'फार उद्धट दिसतो' म्हणून नापास केला होता; त्याचे डबे मी जपून ठेवले होते. माझे यजमान तिला बेडकी म्हणत. पण बेडकी म्हटले म्हणून तिने पाण्यात राहावे, असा त्यांचा अर्थ नव्हता.

सुरुवातीला मी ती या गॅरेजवाल्यांकडे नेली. त्यांनी स्पार्क प्लग वाकडा धरून दाबून फिरवला आणि इंजिनातले आटे खलास केले. विचारायला गेले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही साहेबांना पाठवा ना. त्यांना नीट समजावून सांगतो."

आमच्या साहेबांना बल्ब बदलायचा झाला तरी ते आधी खुर्चीवर चढून विचार करत. त्याच संध्याकाळी मी पाना विकत घेतला. नवे आटे पाडले, ब्रेक सुधारले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, जुन्या इग्निशनच्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवले, खांद्यावरून येणारे सीट-बेल्ट घातले. दोन कार्बोरेटर जुळवायला मात्र दोन उन्हाळे गेले. ते जुळ्या भावांसारखे आहेत; एकाला जास्त हवा मिळाली की दुसरा रुसून बसतो.

गॅरेजवाल्यांना मी तो वाकडा प्लग देते. लाकडी पाटीवर बसवून ठेवला आहे. त्यांनी तो गल्ल्याशेजारी लावावा आणि कोणी विचारले तर खरे काय ते सांगावे.

कलम ४. हत्यारे. सगळे पाने, पकडी, ग्रीसची बंदूक, शिलाईचे जड मशीन आणि टॉर्च सूनबाईला. टॉर्चबद्दल थोडे लिहिते. मी गाडीखाली असले की यजमान टॉर्च धरून बसत आणि उजेड बोल्टवर सोडून सगळीकडे पाडत, विशेषतः माझ्या तोंडावर.

"अहो, बोल्ट दाखवा, बोल्ट!"

"बोल्टपेक्षा इकडे बरं दिसतंय."

असल्या माणसाबरोबर अडतीस वर्षे काढली. चार वर्षांपूर्वी ते गेले. आता उजेड बोल्टवरच पडतो, आणि कामे लवकर उरकतात, ही त्यातली वाईट गोष्ट.

कलम ५. वन्सं. माझ्या थोरल्या नणंदबाईंनी पहिल्याच दिवशी गाडीभोवती फेरी मारून विचारले होते, "या वयात हे शोभतं का गं तुला?" पुढे कित्येक वर्षे हा प्रश्न घरच्या प्रत्येक समारंभात विचारला गेला. मग एके दुपारी त्या एकट्याच आल्या. "एक चक्कर मारून आण. पण कोणाला बोलायचं नाही हं." टेकडीच्या उतारावर त्यांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की रस्त्याकडेचा दूधवाला सायकलवरून उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कळवले की माझ्यामुळे त्यांना सर्दी झाली. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याने वन्संना वर्षातून एकदा, टप उघडा ठेवून, त्या उतारावर न्यावे. आरोळीला मनाई करू नये. सर्दीची जबाबदारी त्यांची त्यांनी घ्यावी.

कलम ६. अन्यायाचा तपशील. माझे चिरंजीव विमा कंपनीत जोखीम तपासतात. दिवसभर कुठे आग लागेल, कुठे छत कोसळेल, हे शोधायचे आणि संध्याकाळी तीच नजर घेऊन आईकडे यायचे. माझ्या जिन्याला, गॅसला, मांजरालासुद्धा त्यांनी धोकादायक ठरवले आहे. घरात आम्ही त्यांना काळजीवाहू म्हणतो.

सप्टेंबरच्या त्या आठवड्यात मी गॅरेजच्या फरशीला रंग दिला होता, म्हणून गाडी टप लावून अंगणात उभी होती. दोन दिवस पाऊस पडला. मग रविवारची ती सकाळ. मी चपला हातात घेऊन घरात आले आणि चिरंजीवांना फोन केला. ते लगेच आले, त्यांनी आत वाकून पाहिले आणि म्हणाले,

"आई, गाडी म्हातारी झाली गं. गळायला लागली. किती दिवस हिच्यामागे लागणार तू? आता विकून मोकळी हो."

"टप मी शिवलाय. माझा टाका गळत नाही."

"मग पाणी काय खालून वर आलं?"

पुढच्याच शनिवारी ते एक गिऱ्हाईक घेऊन आले. हे गृहस्थ उपाहारगृह चालवतात. त्यांना गाडी चालवायची नव्हती. इंजिन काढून टाकायचे, गाडी दारासमोर उभी करायची आणि आसनांच्या जागी कुंड्या मांडायच्या, असा त्यांचा बेत. मी फक्त त्यांना घालवून देण्यासाठी म्हटले, "आत पाणी साचतं हो."

त्यांचा चेहरा उजळला. "मग तर झकासच! झाडांना बरं."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने जे बोलू नये ते मी त्यानंतर बोलले. इथे पुन्हा लिहीत नाही. शेजारच्या परिचारिकाबाईंनी कुंपणापलीकडून सगळे ऐकले आहे.

सूनबाई त्या सायंकाळी आली. ती दातांची डॉक्टर आहे. मी गाडी गॅरेजमध्ये घेऊन आसने, गालिचे सगळे उपसून वाळत घातले होते. तिला सांगितले की अशा गाडीत टपावरचे पाणी दारामागच्या पन्हळीत उतरते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे, खाली, बाहेर पडते. नळ्यांची तोंडे मला नेहमीच्या जागी दिसेनात. चष्म्याच्या नव्या नंबराने खाली वाकले की सगळे तरंगते. तिने पर्समधून दात पाहायचा तो छोटा आरसा काढला, चटई टाकली आणि अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी सरळ गाडीखाली सरकली.

आरसा नळीच्या तोंडाशी धरून तिने नीट पाहिले. मग खालून म्हणाली, "आई, ही कीड नाही. हे फिलिंग आहे."

"म्हणजे?"

"कोणीतरी भरलंय. पांढरं सिलिकॉन, वर अंगठ्याने दाबलंय." ती पुढे म्हणाली, "आमच्या बेसिनभोवती हेच आहे. असंच दाबलेलं."

मग ती हसायला लागली. गाडीखाली झोपून माणूस हसला की गाडीही हलते. मी चाकाला टेकून बसले आणि मलाही हसू आवरेना. तिने आपल्या हत्याराने दोन्ही बाजूंची बुचे उपटून काढली. राहिलेले पाणी भळाभळा तिच्या बाहीत गेले.

ऑगस्टमध्ये मी डोळे तपासायला गेले होते, तेव्हा चिरंजीव घरी येऊन गेल्याचे जिन्यापासून दूर सरकवलेल्या मांजराच्या वाटीवरून मला कळले होते. गाडीखालून पाणी ठिबकताना त्यांनी पाहिले असणार. आईची गाडी गळते आहे, आईला न सांगता दुरुस्त करू, असे त्यांच्या मनात आले असणार. चोराने केले असते तर चौकीत तक्रार देता आली असती. मायेने केले, म्हणून मृत्युपत्र करावे लागते.

सूनबाईने माझ्या सांगण्यावरून घरी काही सांगितलेले नाही. ती म्हणते, "आई, लवकर लिहा काय लिहायचं ते. जेवताना ते बेसिनकडे हात धुवायला उठले की माझा घास अडकतो."

कलम ७. गाडी. आधीच्या मृत्युपत्रात बेडकी चिरंजीवांनाच दिली होती आणि अजून त्यांचीच व्हावी, अशी माझी इच्छा आहे. पण इच्छा आणि हक्क यांच्यामध्ये काही अटी आहेत. त्या कायद्याच्या भाषेत मला नीट लिहिता येत नाहीत, म्हणून सरळ तुलाच लिहिते.

बाळा, पाण्याला गाडीत येऊ न देणे हे काम नसते. ते येणारच. त्याला जायला वाट ठेवणे एवढेच काम. ती वाट दर महिन्याला मऊ नायलॉनच्या दोरीने साफ करायची. तार घालायची नाही, नळी फाटते. हे तू आधी विचारले असतेस तर मी दहा मिनिटांत दाखवले असते. तू विचारत नाहीस. तू येतोस, घाबरतोस, काहीतरी बुजवतोस आणि जातोस. तुझे बाबा गेल्यापासून तू माझ्याही बाबतीत हेच करतो आहेस. जिन्याला कठडा लावलास, दाराला साखळी, फोनमध्ये मी कुठे आहे ते दाखवणारे यंत्र. त्यातले एकही मी मागितलेले नव्हते.

मी जे मागणार आहे ते असे. जुन्या टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडली आहे. मी नवा टप शिवून तयार ठेवला आहे, जाड कापडाचा, मागे खऱ्या काचेची खिडकी असलेला. तो सांगाड्यावर ताणून बसवायला दोन माणसे लागतात. एकाने उजवीकडून ओढायचे, दुसऱ्याने डावीकडून, एकाच वेळी, एकाच जोराने. नाहीतर काच तिरकी बसते. मागचा टप बसवताना डावी बाजू तुझ्या बाबांनी ओढली होती. सूनबाई यायला तयार आहे. तिला मी नको म्हटले. डावी बाजू तुझी आहे.

म्हणून मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. कुंडीवाल्याला आणलेस तेव्हा पाणी का साचले हे तुला कळले होते का? कळले असेल तर तसे लिही. मी ओरडेन, पण दार बंद करणार नाही. दुसरे, तुला भीती गाडीची वाटते की मी एकटी राहते त्याची? आणि तिसरे, टप ओढायला येणार का?

उत्तर खरे आले आणि तू आलास, तर माझ्या मागे बेडकी तुझी. उत्तर आले नाही, तर ती सूनबाईची. तू शेजारच्या आसनावर बसायचे आणि पायाने नसलेला ब्रेक दाबायचा नाही. कोणत्याही परिस्थितीत तिच्यात कुंडी ठेवली जाणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केले आहे. दोघांनाही यातून काही मिळत नाही. चहा मिळाला, तो धरू नये.

स्थळ: माझे गॅरेज, नुकतीच रंगवलेली फरशी
दिनांक: शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

(सही) लिहून ठेवणार, गाडीची मालकीण

साक्षीदार १: (सही) शेजारच्या निवृत्त परिचारिका. कुंपणापलीकडून ऐकलेले खरे आहे.
साक्षीदार २: (सही) सुट्या भागांचे दुकानदार. बाईंचे डोके ठिकाणावर आहे; भाव करताना तर जास्तच.

एक प्रत आजच चिरंजीवांच्या हाती देण्यात येत आहे. वरील तिन्ही प्रश्नांचे उत्तर कागदावर, स्वतःच्या अक्षरात, रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी बारा वाजण्यापूर्वी माझ्या हाती पोचावे. फोन, निरोप आणि 'बघू' ही उत्तरे धरली जाणार नाहीत.