नितेश नसताना वाचलेला लेख

चि. नितेश,

बोटीवर आणखी सहा महिने राहू का, असं तू विचारलंस आणि मी फोनवर ऐटीत म्हणालो, "खुशाल राहा, इथे काही अडलेलं नाही." ते खोटं होतं.

तू रजेवर असलास की मांडवीतली अर्धी माणसं आपल्या पडवीत असतात. मी माझे विनोदी लेख वाचायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. परवा शेजारच्या आत्मारामकाकांना मुद्दाम बोलावलं, चहा दिला आणि नवा लेख वाचला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "पुढे?"

"संपला, काका."

"असं होय!" त्यांनी कप खाली ठेवला. "धाकटा कधी येणार ओ?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू आधी हसायचास, तेही भलत्याच जागी, आणि लोक तुझ्या हसण्याला हसायचे. वीस वर्षं मी ते माझ्या नावावर खपवलं.

पुढच्या सहा महिन्यांच्या करारावर सही केली नसशील तर करू नको. पण बोटीवरच्या माणसाला घरून 'ये' म्हणून कळवायचं नाही, हा आईने घालून दिलेला नियम. तेव्हा हे पत्र कपाटात ठेवतो आणि तू आपण होऊन कंपनीला नाही म्हणतोस का, याची वाट बघतो.

तुझा,
काही न अडलेला दादा