पावडरचा डबा

प्रिय क्वामेना,

तुझं आमंत्रण पोचलं. कागद भारी आहे म्हणतात. माझ्या हाताला गुळगुळीत लागला, एवढंच. वाचून दाखवलं अराबानं आणि हे पत्रही तीच लिहून घेते आहे. तुझ्याच कचेरीत वकिली शिकलेली, आणि तू नगरपालिकेचा वकील झालास त्या दिवशी तुझी संगत सोडून निघून आलेली, तीच अराबा. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, अशी तिला शपथ घातली आहे. तरी आत्ताच कुरकुरली, "आजी, 'शिसारी' हा शब्द जरा कडक होतो." म्हटलं, पोरी, जन्मभर मासे भाजले मी, कडक किती करायचं ते मला कळतं. लिही. तर बाळा, मला तुझी शिसारी आली आहे.

तब्येत ठीक आहे. गुडघे बोलतात, भट्टीच्या धुरानं डोळे गळतात आणि बाजाराला वाटतं, म्हातारी नातवाच्या कौतुकानं रडते आहे. परवा मक्याच्या पिठाची केंकी उकडून विकणारी शेजारची एसी रेडिओ उंच धरून ओरडली, "अगं एफुआ, तुझा नातू बोलतोय अक्राहून!" आम्ही सगळ्या हातातलं टाकून धावलो. आणि तू काय बोलत होतास? तर डोक्यावर टोपली घेऊन फिरणारीनंही कर भरावा, आणि तक्रार करायला नगरपालिकेच्या दारात जमायचं असेल तर आधी परवानगी काढावी. किती गोड आवाजात सांगत होतास रे! एसी म्हणाली, "आवाज तर तुझ्या नातवाचाच आहे, पण तोंड कुणाचं गं हे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तोंडातला घास थुंकून आले.

तुझा पहिला खटला आठवतो का? करासाठी नगरपालिकेच्या वसुलीवाल्यांनी आमच्या भट्ट्यांना कुलपं ठोकली होती, आत मासे तसेच. आम्ही त्यांच्या दारात जमून रिकाम्या टोपल्या बडवल्या, तर परवानगीवाचून जमलात म्हणून आम्हालाच कोर्टात उभं केलं. तू नवाकोरा वकील. तो कुरळ्या केसांचा पांढरा टोप तुझ्या डोक्यावर असा, जणू मेंढी दमून बसली आहे. मी फिसकन हसले, शिपायानं दटावलं. पण तू तोंड उघडलंस आणि माशी हलेना. म्हणालास, "न्यायमूर्ती महाराज, कर लादताना यांनी या बायकांची परवानगी घेतली नव्हती. मग ओरडताना बायकांनी यांची का घ्यावी? राज्यघटनेनं दिलेल्या तोंडाला कुलूप लागत नाही." कुलपं निघाली, करही खाली आला. कोर्टाच्या पायरीवरच आम्ही तुला गाठलं. आपल्या रीतीप्रमाणे मान, खांदे, हात पांढऱ्या पावडरीनं माखले, खांद्यावरची कापडं सोडून तुझ्या पायाखाली अंथरली. पुढे तू वर्तमानपत्रवाल्याला तुरुंगातून सोडवलंस, टॅक्सीवाल्यांचा कर उतरवलास. दर वेळी मी नवा डबा आणला. एकदाही हात आखडला नाही.

एक सांगू? कुजायला लागलेला मासाही धुरावर धरला की छान तांबूस दिसतो. गिऱ्हाईक फसतं. मी मात्र बोटानं दाबून बघते. गेल्या इस्टरला तू नव्या गाडीतून उतरलास आणि नाकाला रुमाल लावून म्हणालास, "आजी, इथे फार धूर आहे गं." ज्या धुरावर तुझ्या शिक्षणाची फी भरली, त्याच धुराला! त्या दिवशीच माझं बोट खोल रुतलं होतं.

आता आमंत्रणाचं. नगरपालिकेचा वकील म्हणून तुझ्या नेमणुकीचा जो समारंभ आहे, त्यात मी कॅमेऱ्यांसमोर तुला पावडर लावावी, असं तू लिहिलं आहेस. अरे, पावडर जिंकलेल्याला लावतात. विकलेल्या माशाला आम्ही रद्दीत गुंडाळतो.

मी समारंभाला येणार नाही. मंगळवारी कोर्टात मात्र येणार आहे. तुझ्या टोपलीकराविरुद्ध जो अर्ज पडला आहे, त्यावर पहिला अंगठा माझा आहे. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर अराबा उभी राहील. इथे तिचा हात थांबला होता. म्हटलं, थांबू नकोस, त्यानंच शिकवलंय तुला. तुझं ते परवानगीचं वाक्य मी तिच्याकडून पाठ करून घेतलं आहे. तू टाकून दिलंस म्हणून चांगली वस्तू वाया का घालवायची? पावडरचा डबा माझ्या मांडीवर असेल. जिंकलास तर तसाच तुझ्या समारंभाला जा, माझ्या दाराशी गाडी थांबवू नकोस. हरलास तर टोप काढून मागच्या दारानं ये. केंकी गरम असेल. मासा मी स्वतः दाबून निवडीन.

अजून तरी तुझीच,
आजी एफुआ