आत्याला न लागलेली झोप

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता लिहितो. या खेपेस समोर असतो तर खरोखर घातला असता, आणि तू ऊठ म्हणेपर्यंत उठलो नसतो.) तुझी तब्येत बरी असेल. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून आता पाणी येत नाही ना? थेंब वेळेवर घालतेस ना? झोप कशी आहे? हा शेवटचा प्रश्न मी आजवर सवयीने विचारत आलो, आज तो लिहून दोनदा खोडला. का, ते सांगायलाच हे पत्र. खुर्चीत नीट टेकून बस, आणि काही झालं तरी हे शेजारच्या नर्सबाईंना मोठ्याने वाचायला देऊ नकोस.

त्या घोरणाऱ्या गृहस्थांसाठी तू विणलेला मफलर काल पोचला. राखाडी, कडेला निळी पट्टी, कुठे एक टाका सुटलेला नाही. एका डोळ्याला अजून धूसर दिसत असताना तू तो विणलास, आणि वर ‘अनोळखी भाऊ, गळा जपा’ अशी चिठ्ठीही टाचलीस. बायकोने मफलर माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. त्या गृहस्थांचा पत्ता सापडत नाही, ते परगावी गेलेत, ते जरा आजारी आहेत, असं मी तुला फोनवर एकामागून एक सांगत गेलो ते सगळं खोटं होतं. पत्ता मला तोंडपाठ आहे. पण सुरुवातीपासून सांगतो, कारण एकदम मुद्द्यावर यायची छाती नाही.

आमचा छापखाना बंद पडला आणि मी घरी बसलो, हे तुला माहीतच आहे. घरी बसलेल्या माणसाला जो तो उद्योग सुचवतो. मला तो व्हिडिओतल्या एका चष्मेवाल्या गुरुजींनी सुचवला. स्वतःची वेबसाइट काढा, म्हणाले. विषय मात्र अरुंद निवडा, इतका अरुंद की त्यात दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नको. मग लोक येतात, जाहिराती येतात आणि आपण झोपलेलो असतानाही कमाई होत राहते. (कोण झोपलेलं असताना, ते गुरुजींना तरी कुठे माहीत होतं!) मी पुष्कळ विचार करून ‘घोरणे’ हा विषय घेतला. उशी कशी असावी, कूस कोणती धरावी, घोरणाऱ्याशी लग्न झाल्यास काय करावं, असे लेख पाडले. मुख्य शब्द वाक्यावाक्यात आला पाहिजे अशी गुरुजींची आज्ञा, म्हणून ‘घोरणाऱ्याच्या घोरण्याने न घोरणाऱ्यालाही घोरल्यासारखं वाटतं’ अशी वाक्यं मी शुद्धीत असताना लिहिली आहेत. वाचक दोनच. एक मी, आणि दुसरी बायको, तीही मी मागे उभा राहिलो तर.

त्याच सुमारास तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आलीस. आता जपून लिहितो. तुला झोप लागत नाही ही आपल्या घराण्यातली सर्वमान्य गोष्ट आहे. आतोबा गेल्यापासून तर तुझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. लग्नघरात सगळ्यात शांत खोली तुझी. तू टेकलीस की आम्ही बेलची वायर काढून ठेवायचो, कुकर लावायचो नाही, आणि चवड्यांवर चालायचो. असाच एका दुपारी चवड्यांवर पाणी प्यायला निघालो होतो, तेव्हा तुझ्या खोलीतून आवाज आला. आधी वाटलं, खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नाहीये. मग ती सुरू झाली. आत्या, मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी तोंडात पदर आणि टॉवेल कोंबला. तासाभराने तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘नुसती पडून होते रे. कुठली मेली झोप!’ बायकोने चहा टाकला.

दुसऱ्या दुपारी मी माझा फोन रेकॉर्डिंग लावून तुझ्या पलंगाखाली, तुझ्याच सपातेत ठेवला. हे लिहिताना कान तापलेत. लेखाला एखादा नमुना जोडावा, एवढाच हेतू होता. अब्रूची काळजी म्हणून वर ‘नमुना क्रमांक एक: निवृत्त गृहस्थ, प्रकृती भक्कम’ असं लिहिलं. तुला पुरुष केलं की आपण सुटलो, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

आणि लोक आले. घोरणं थांबवायला नव्हे, ऐकायला! एकीचा नवरा बोटीवर असतो, तिला त्याच्या घोरण्यावाचून झोप येत नव्हती. वसतिगृहातल्या एका मुलाला वडिलांची आठवण येते म्हणून तो रोज लावतो. माझे उशीवरचे लेख कुणी उघडूनही बघितले नाहीत. गाद्यांच्या कंपनीने मात्र जाहिरात दिली. आमचा फ्रिज दुरुस्त झाला, धाकटीची फी भरली गेली. तुझ्या झोपेवर आमचं घर चाललं, आत्या, आणि तुला आमच्याकडे साधा बेसिनचा नळ सोडतानाही ‘माझ्यामुळे उगाच खर्च’ असं वाटत होतं.

मग तू घरी परतलीस आणि एक दिवस तुझा फोन आला. नर्सबाईंनी तुला कुठलीशी वेबसाइट लावून दिली आणि कित्येक दिवसांनी तुला गाढ झोप लागली. ‘अगदी यांच्यासारखं घोरतात रे ते गृहस्थ,’ म्हणालीस, ‘शेवटी अडकून एकदम सुटतात ना, ते तर हुबेहूब. मध्येच तुटतं तेवढं वाईट. तू कंप्युटरवर असतोस, पत्ता काढ.’ तुझा आवाज इतका हलका झाला होता की मी ‘काढतो’ म्हणालो. तिथेच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तुझ्या निद्रानाशाची ख्याती जाते, हा एक भाग. ती गेली तर आम्ही सगळे मिळून सावरू. तुझ्या खोलीत पुन्हा आलेले आतोबा जातात, त्याचं काय करायचं ते मला कळेना. मफलर आला नसता तर मी अजूनही गप्प बसलो असतो, एवढा मी भित्रा आहे.

तेव्हा ते गृहस्थ म्हणजे तू. मफलर तुझ्याच मापाचा आहे, परत पाठवतोय. तू सांगशील त्या क्षणी नमुना काढून टाकतो. रागाव, फोनवर शिव्या घाल, पण घालायला तरी फोन कर.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद असं लिहायची पद्धत आहे. सध्या मी कुणालाच आशीर्वाद देण्याच्या लायकीचा नाही.

तुझा
तोंड लपवलेला भाचा

ता. क. हे लिहिताना शरमेने मान खाली गेली आहे, पण खाली मान घालूनही लिहिता येतं. वाचक ‘नमुना क्रमांक दोन’ मागताहेत. गादीवाले तर फारच मागे लागलेत. दुसरा डोळा आमच्याकडेच करून घे ना. खोली तशीच ठेवली आहे, बेलची वायर कालच काढली. या खेपेस फोन सपातेत नाही, उघड टेबलावर ठेवीन, आणि तू म्हणशील तरच.

ता. क. दुसरा. नमुना मध्येच तुटतो, कारण शेवट मी कापला. तो फक्त माझ्याकडे आहे, बायकोने आणि मी एकदाच ऐकला. त्यात तू घोरता घोरता थांबतेस आणि झोपेतच, अगदी वैतागून म्हणतेस, ‘अहो, कुशीवर वळा बघू.’ मग पलंग करकरतो, आणि घोरणं बंद होतं. वळलीस तूच.