मुलगी फाइन

कारंजा, ता. ४ मार्च १९३६

चि. सौ. गोमतीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. परवा रिसोडला आपल्या पंचफुलाला पाहून गेलेल्या रामकिसनचा निरोप आला. मुलगा इंग्रजी शिकलेला, एका वाक्यात उरकले: मुलगी फाइन! इंद्रभानरावांना सांग आणि साखर वाट. माझा लोभ आहे तसाच आहे.

तुझा,
शालिग्राम

रिसोड, ता. ७ मार्च

ती. दादास, गोमतीचा शि. सा. नमस्कार. मी सांगते आणि पंचफुला लिहिते आहे. तुझे पत्र आले आणि घरात चूल पेटली नाही. गेल्या साली आमचा बैल कोंडवाड्यातून फाइन भरूनच सुटला, तेव्हा फाइन म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको. हे विचारतात, पोरीनं त्याइचं काय घोडं मारलं, फाइन काहून? पोह्यांत मीठ जास्त पडले हे कबूल, पण त्याला दंड? यांनी रागाने मेहकरच्या स्थळाला बोलावणे धाडले आहे. सोळा तारखेला पाहायला येतील. पोरगी धड जेवत नाही. तरी तुझ्यावर राग नाही, माया ठेव.

गोमती

कारंजा, ता. ९ मार्च

चि. सौ. गोमतीस आशीर्वाद. वि. वि. अगं वेडे, इंग्रज एकाच शब्दाला चार घरी राबवतात! कचेरीत दंड तो फाइन, आमच्या बाजारात मऊ कापूस तो फाइन, तलम धोतर फाइन, तापातून उठलेला माणूसही फाइन. आणि मुलगी फाइन म्हणजे छान, पसंत! इंद्रभानरावांना म्हणावे, बैल आणि लेक एका दावणीला बांधू नका. मेहकरकरांना आधी थांबव. घाईत लिहिले, माया मात्र सावकाशीची आहे.

शालिग्राम

रिसोड, ता. १२ मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार. तुझे पत्र ऐकून हे पोट धरून हसले. मेहकरला लगेच नकार कळवला. आता आमटीसुद्धा यांना फाइन लागते! साखरपुड्याला वहिनीला घेऊन ये. असाच जीव लाव.

गोमती

ता. क. मामा, आई आत गेली आहे, हे माझे मी लिहिते. मी जेवत नव्हते ते दंडाच्या अपमानाने नाही, मेहकरची माणसे येणार म्हणून. मुलाला मी कशी वाटले ते साऱ्या घराने चार पत्रे घालून समजून घेतले. मुलगा मला कसा वाटला, ते कोणीच विचारले नाही. विचारले असते तर मी मराठीतच सांगितले असते. आवडला.

पंचफुला